बोडीन, विल्यम

(१५ जानेवारी १८९२ – १८ मार्च १९७०). अमेरिकन चित्रपट-दिग्दर्शक. जन्म न्यूयॉर्क शहरात. १९०९ मध्ये बायोग्राफ या चित्रपट कंपनीत पडेल ते काम करणारा पोऱ्या म्हणून ते लागले आणि दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या हाताखाली तयार झाले. १९१५ पासून लघुपटांचे दिग्दर्शन करू लागले.

स्वस्त चित्रपटांचे दिग्दर्शक म्हणून ते आज ओळखले जातात; मूकपटांच्या काळात मात्र त्यांचे नाव मोठे होते. मेरी पिकफर्ड या त्या वेळच्या सर्वांत लोकप्रिय नटीने ‘लिटल ॲनी रूनी’ (१९२५) व ‘स्पॅरोज’ (१९२६) हे चित्रपट त्यांच्याकडे सोपवले. दलदलीत डांबलेल्या अनाथ मुलांची कथा सांगणारा ‘स्पॅरोज’ आजही पाहण्याजोगा आहे. पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी विल हे या विनोदी नटाचे चार चित्रपट केले. १९३७ मध्ये परतल्यावर मोठ्या स्टुडिओंत पुन्हा जम बसला नाही, आणि ते मोनोग्राम, पीआरसी अशा छोट्या कंपन्यांकडे वळले.

या कंपन्यांचे गणित वेगळे होते. एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची तेव्हा पद्धत होती. त्यांतल्या दुय्यम चित्रपटाला चित्रपटगृहाकडून बहुधा ठरावीक भाडे मिळे. गर्दी वाढली तरी निर्मात्याच्या पदरात जास्त काही पडत नसे. म्हणजे नफा काटकसरीतूनच काढायचा, आणि शूटिंगचा एक दिवस वाढला तरी तो घटायचा. कोणते दृश्य घ्यायचे आणि कोणते गाळायचे हे सेटवर येण्याआधीच ठाऊक असलेला माणूस अशा ठिकाणी सोन्याच्या मोलाचा. पुढे थट्टेखोरांनी बोडीन यांना ‘वन-शॉट’ (एकदाच चित्रण करून दृश्य उरकणारा) हे नाव चिकटवले, ते अन्यायाचेच म्हणावे लागेल. भयपटांतला नट बेला लुगोसी याचा ‘द एप मॅन’ (१९४३) हास्यास्पद आहे खरा, पण त्या कथेचे कुणीही काय केले असते?

बोडीन दिग्दर्शित व क्रोगर बॅब निर्मित ‘मॉम अँड डॅड’ (१९४५) हा लैंगिक शिक्षणाच्या नावाखाली काढलेला चित्रपट स्त्री-पुरुषांना वेगवेगळ्या खेळांत दाखवला जाई, मध्ये व्याख्यान होई आणि पुस्तिका विकल्या जात. त्याने वर्षानुवर्षे अफाट कमाई केली. २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

‘बाउरी बॉइज’ या विनोदी चित्रपटमालिकेतील अनेक चित्रपट आणि दूरचित्रवाणीवरील ‘लॅसी’ या कुत्रीच्या मालिकेचे कितीतरी भागही बोडीन यांचेच. १९६६ मध्ये ‘बिली द किड व्हर्सेस ड्रॅक्युला’ व ‘जेसी जेम्स मीट्स फ्रँकेन्स्टाइन्स डॉटर’ हे त्यांचे दोन चित्रपट जोडीने प्रदर्शित झाले. तेव्हा ते ७४ वर्षांचे होते.