ईश्वराच्या अस्तित्वाची वैज्ञानिक तपासणी

ईश्वर आहे की नाही हे निरीक्षणाने किंवा प्रयोगाने ठरवता येईल का, हा विज्ञान आणि तत्त्वज्ञान यांच्या सीमेवरचा प्रश्न. ईश्वराविषयी नेमका कोणता दावा केला जातो, यावर त्याचे उत्तर बरेचसे अवलंबून आहे.

एखाद्या संभाव्य निरीक्षणाने जे विधान खोटे ठरू शकते तेच वैज्ञानिक, असा निकष तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी १९३४ मध्ये मांडला. ‘ईश्वराने पृथ्वी सहा हजार वर्षांपूर्वी घडवली’ हे विधान तपासता येते आणि ते खोटे ठरते. किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे निघते. उलट, ‘जे काही घडते ते ईश्वरेच्छेनेच घडते’ या विधानाच्या विरोधात जाईल असे एकही निरीक्षण सुचवता येत नाही.

प्रत्यक्ष प्रयोग झाले ते मुख्यतः प्रार्थनेवर. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७२ मध्ये राजांचे आयुर्मान तपासले. ज्यांच्या दीर्घायुष्यासाठी सारी प्रजा प्रार्थना करते, ते इतर सधन लोकांपेक्षा जास्त जगत नाहीत, असे त्यांना आढळले. १९८८ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ रँडॉल्फ बर्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील ३९३ हृदयरुग्णांच्या अभ्यासात प्रार्थनेचा लाभ दिसल्याचे जाहीर केले. पण मोजलेल्या अनेक बाबींपैकी थोड्याच बाबींत फरक होता. सर्वांत काटेकोर चाचणी अमेरिकी डॉक्टर हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांची, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले १,८०२ रुग्ण तिच्यात होते. आपल्यासाठी प्रार्थना होते की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्यापैकी प्रार्थना झालेल्या ५२ टक्के आणि न झालेल्या ५१ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली. प्रार्थना होते आहे हे ज्यांना नक्की सांगितले होते, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघाले.

यातून निरीश्वरवाद सिद्ध होत नाही. नातेवाईक आपापल्या परीने प्रार्थना करतच असतात, त्यांना थांबवता येत नाही. आणि ईश्वर स्वतंत्र इच्छेचा असेल तर संशोधकांच्या वेळापत्रकाप्रमाणे तो वागेल, असे गृहीत धरता येत नाही. मात्र हाच आक्षेप निकाल अनुकूल आला असता तेव्हाही घ्यायला हवा होता. फरक दिसला की पुरावा आणि न दिसला की प्रयोगच गैर, ही भूमिका प्रामाणिक म्हणता येत नाही. शिवाय लाभ दिसला असता, तरी तो ईश्वरामुळेच झाला हे वेगळे सिद्ध करावे लागले असते.

विश्व हे कार्य, म्हणजे कारणातून निर्माण झालेली वस्तू आहे, म्हणून त्याला कर्ता असला पाहिजे, असे अनुमान न्यायदर्शनाचे आचार्य उदयनाचार्य यांनी मांडले. वेदविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा दर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे मीमांसकांना, जगाचा असा कर्ता मान्य नव्हता. हा वाद तर्काचा आहे, प्रयोगाचा नाही. आधुनिक काळात विज्ञान आणि धर्म यांची क्षेत्रेच वेगळी आहेत, असे जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी म्हटले. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांना ते मान्य नाही: जगात हस्तक्षेप करणारा ईश्वर असेल, तर ते जग त्याच्याविना असलेल्या जगापेक्षा वेगळे असले पाहिजे, आणि म्हणून हा प्रश्न विज्ञानाच्या कक्षेत येतो. हस्तक्षेप करणाऱ्या ईश्वरापुरता डॉकिन्स यांचा मुद्दा अधिक बळकट आहे. हस्तक्षेप न करणाऱ्या ईश्वराला तो लागू होत नाही.