कपाचा कान दिसत नाही तेव्हा

अगदी डोक्यावरून पाहिलं तर कप म्हणजे एकात एक दोन वर्तुळं आणि बाजूला एक आखूड दांडी. कान मागे जाईल असा फिरवला, तर तोच कप पेल्यासारखा दिसतो. आपण कप हाताळलेला असतो, उलटा करून धुतलेला असतो, म्हणून फसत नाही. फोटोंवरून वस्तू ओळखायला शिकवलेल्या संगणकाच्या प्रणालीनं, म्हणजे मॉडेलनं, पाहिलेले असतात ते फक्त फोटो. आणि कपाचा फोटो माणसं जवळपास एकाच तऱ्हेनं काढतात: टेबलावर उभा कप, कॅमेरा किंचित वर, कान एका बाजूला.

ही सवय किती महागात पडते, ते २०१९ साली एमआयटीतल्या संशोधकांच्या ‘ऑब्जेक्टनेट’ या संग्रहानं दाखवलं. त्यात घरगुती वस्तूंचे ३१३ प्रकार आणि ५०,००० फोटो आहेत. वस्तू मुद्दाम आडव्या-उलट्या, भलत्याच खोलीत ठेवून वेगवेगळ्या कोनांतून टिपलेल्या. यातले ११३ प्रकार इमेजनेट या मॉडेलं शिकवायला सर्रास वापरल्या जाणाऱ्या मोठ्या फोटोसंग्रहातही आहेत. तरी तिथे तरबेज झालेल्या मॉडेलांची अचूकता इथे ४० ते ४५ टक्क्यांनी खाली आली. सगळा दोष कोनाचा नव्हे, पार्श्वभूमीही बदलली होती. पण त्यात कोनाचा वाटा होताच.

यावर पहिला उपाय सुचतो तो आहेत तेच फोटो फिरवण्या-ताणण्याचा. तो पुरत नाही. फोटो ९० अंशांत फिरवला तर आडवा पडलेला कप मिळतो, वरून पाहिलेला मिळत नाही. बाजूनं काढलेल्या फोटोत कपाचा तळ टिपलेलाच नसतो, तो कितीही ताणून येणार कुठून? पुस्तकाचं मुखपृष्ठ, पाटी अशा सपाट गोष्टींना मात्र हीच युक्ती छान लागू पडते, कारण सपाट पृष्ठाचा एका कोनातला फोटो गणितानं दुसऱ्या कोनात नेता येतो.

म्हणजे कॅमेरा हलवायला हवा. एका वस्तूसाठी साधा हिशोब असा: कॅमेऱ्याच्या तीन उंच्या, म्हणजे समोरून ०, मग ३० आणि ६० अंश. प्रत्येक उंचीवर ३० अंशांच्या अंतरानं १२ फोटो. झाले ३६. वर एक थेट डोक्यावरून. मग वस्तू आडवी करून पुन्हा काही, नाहीतर तळ कधीच दिसणार नाही. व्हिडिओ घेऊन काम उरकायचं असेल, तर २० सेकंदांत सावकाश एक फेरी मारा. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर ६०० फ्रेम होतात. त्यातली दर २५वी ठेवली की १५ अंशांच्या अंतरानं २४ फोटो. बाकीच्या फ्रेम जवळपास सारख्याच असतात, त्यांनी डेटासेट, म्हणजे शिकवण्यासाठीचा फोटोसंग्रह, नुसता फुगतो. हात भरभर फिरला तर कडा फराटतात. एक्स्पोजर (कॅमेरा किती प्रकाश घेतो ते) लॉक केलेलं नसेल, तर खिडकीकडे तोंड झाल्यावर कप काळा पडतो.

अंतरही बदला. ९ सेंटीमीटर जाडीचा कप ३० सेंटीमीटरवरून टिपला, तर त्याची पुढची कड मागच्या कडेपेक्षा ३० टक्के मोठी दिसते. दीड मीटरवरून हा फरक फक्त ६ टक्के उरतो. मॉडेलच्या दृष्टीनं हे दोन वेगळे आकार आहेत.

फिरत्या टेबलावर काम झटपट होतं, पण दिवा आणि मागचा पडदा जागचे हलत नाहीत. कोलंबिया विद्यापीठाचा १९९६चा ‘कॉइल-१००’ हा संग्रह असाच बनला: १०० वस्तू, दर ५ अंशांना एक फोटो, वस्तूमागे ७२, एकूण ७,२००, मागे काळी पार्श्वभूमी. कॅमेऱ्याची उंची मात्र एकच. आज तसं करायचं तर पडदा आणि दिव्याची जागा दर फेरीला बदलावी, नाहीतर मॉडेल कपाऐवजी पडदाच पाठ करतं. आणि एकाच कपाचे ७२ फोटो काढण्यापेक्षा सहा वेगवेगळ्या कपांचे बारा-बारा काढावेत. मेहनत तेवढीच, फायदा जास्त.

सगळ्यात महाग चूक मात्र पुढे होते. फोटो सरसकट पिसून ८० टक्के ट्रेनिंगला, म्हणजे मॉडेलला शिकवायला, आणि २० टक्के चाचणीला दिले, की त्याच कपाचा ३० अंशांचा फोटो इकडे आणि ६० अंशांचा तिकडे जातो. आकडा झकास येतो आणि नवा कप पुढे आला की मॉडेल गडबडतं. विभागणी फोटोंची नव्हे, वस्तूंची करायची: एक कप पूर्ण इकडे किंवा पूर्ण तिकडे. निकालही एका सरासरीत बघू नका. उंची आणि दिशा यांचा तक्ता करून प्रत्येक चौकटीत अचूकता लिहा. ९० टक्क्यांच्या सरासरीखाली ‘थेट वरून’ची चौकट ४० वर बसलेली असू शकते, कॅमेरा छताला लागणार असेल तर कामाची तीच.

वस्तूच्या त्रिमितीय प्रतिकृतीवरून संगणकात फोटो तयार करत असाल, तर उंचीचा कोन ० ते ९० मधून सरळ यादृच्छिक निवडू नका. तसं केलं तर वस्तूभोवती कल्पिलेल्या गोलाच्या माथ्यापाशी कॅमेऱ्यांची दाटी होते. त्या कोनाची साइन किंमत ० ते १ मधून यादृच्छिक निवडली की ते सारखे पसरतात. जिथे अनेक कॅमेरे एकाच वेळी उपलब्ध असतात, तिथे एका फोटोवर विसंबायचं कारणच नाही: २०१५च्या एका गाजलेल्या पद्धतीत १२ बाजूंचे फोटो एकाच न्यूरल नेटवर्कमधून (फोटोतली वैशिष्ट्यं आकड्यांत टिपणाऱ्या मॉडेलमधून) जातात आणि प्रत्येक गुणविशेषाची सगळ्यात मोठी किंमत पुढे नेली जाते. कान एका कॅमेऱ्याला दिसला तरी भागतं.

एकच कॅमेरा असेल आणि कान पूर्ण लपला असेल, तर त्या फोटोवर ‘कप’ असं ठाम लेबल लावलेलं अंगाशी येतं, कारण मग मॉडेल साध्या पेल्यालाही कप म्हणू लागतं. असा फोटो दुसऱ्या कुणाला, बाकीचे न दाखवता, दाखवा. त्यालाही सांगता आलं नाही, तर फोटो बाजूला काढा, नाहीतर ‘कप किंवा पेला’ असं दुहेरी लेबल द्या.