लोअरकेस करायचं साधं काम इतकं किचकट कसं झालं

कुठलीही लँग्वेज घ्या, कॅपिटल अक्षरं स्मॉल करायला एकच फंक्शन आहे असं सहसा नसतं. पायथनमध्ये लोअर आहे तरी शेजारी केसफोल्ड, जावास्क्रिप्टमध्ये टूलोअरकेस आणि वर टूलोकेललोअरकेस, डॉटनेटमध्ये इन्व्हेरियंटवालं आणखी एक. नवीन शिकणाऱ्याला वाटतं उगाच पसारा मांडलाय. पण एकेक गृहीतक मोडत गेलं तसा हा पसारा साठत गेलाय, आणि त्यातलं सगळ्यात जुनं गृहीतक साठच्या दशकातलं आहे.

त्याच्या आधी प्रश्नच नव्हता. टेलिप्रिंटरचा कोड (कुठल्या अक्षराला कुठला आकडा तो तक्ता) ५ बिटचा, ० किंवा १ च्या पाच जागा, म्हणजे जेमतेम ३२ कॉम्बिनेशन्स, त्यात आकडे बसवायलाच शिफ्टची कसरत करावी लागायची, स्मॉल अक्षरं ठेवणार कुठे? पुढे ६ बिटचे कोड आले, ६४ जागा, त्यात २६ अक्षरं, १० आकडे, बाकी चिन्हं, झालं, संपलं. १९५७ ची फोरट्रान लँग्वेज सगळी कॅपिटलमध्ये लिहायचे ते काही स्टाइल म्हणून नाही, पंचकार्डाच्या मशिनवर दुसरी अक्षरंच नव्हती.

१९६३ मध्ये आस्की हा अमेरिकेचा स्टँडर्ड कोड आला, ७ बिट, १२८ जागा. गंमत म्हणजे पहिल्या आवृत्तीत स्मॉल अक्षरं नव्हतीच, ती १९६७ च्या आवृत्तीत आली. पण बसवली मात्र फार हुशारीने: कॅपिटल ए ६५ वर, स्मॉल ए ९७ वर, फरक बरोब्बर ३२, म्हणजे फक्त एका बिटचा. तो बिट चालू केला की स्मॉल, बंद केला की कॅपिटल, ना टेबल लागतं ना काही. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ हेच, कारण ही युक्ती इतकी सोपी होती की लोकांना तो भाषेचाच नियम वाटायला लागला. खरं तर तेव्हाही तसं नव्हतं, आयबीएमच्या सिस्टीम ३६० कॉम्प्युटरसोबत आलेल्या एबसिडिक या कोडमध्ये फरक ६४ चा, स्मॉल अक्षरं कॅपिटलच्या आधी, आणि वर आय नंतर आणि आर नंतर मध्येच भोकं. ए ते झेड सलग आहेत असं धरून लिहिलेला कोड तिथे गंडायचाच.

सुरुवातीच्या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टीमवर तर अजून मजा. टेलिटाइप मॉडेल ३३ हे टर्मिनल फक्त कॅपिटल छापायचं, त्यामुळे लॉगिनचं नाव तुम्ही सगळं कॅपिटलमध्ये टाकलंत की सिस्टीम समजायची टर्मिनलच तसलं आहे आणि पुढचं सगळं टायपिंग स्वतःच स्मॉल करून घ्यायची, खरं कॅपिटल हवं असेल तर आधी बॅकस्लॅश द्या. त्या काळातलं सी लँग्वेजचं टूलोअर पण कसलीही तपासणी न करता सरळ ३२ मिळवून मोकळं व्हायचं, आकडा दिला तरी. म्हणून जुन्या कोडमध्ये आधी इजअपर (अक्षर कॅपिटल आहे का ते बघणारं) आणि मग टूलोअर असं दिसतं. १९८९ च्या सी स्टँडर्डनुसार कॅपिटल नसलेलं अक्षर जसंच्या तसं परत द्यावं लागतं, पण ती सवय बऱ्याच कोडमध्ये राहूनच गेली.

मग युरोपातल्या भाषांसाठी ८ बिटचं लॅटिन-१ आलं. तिथेही ३२ चीच युक्ती चालवायचा प्रयत्न दिसतो, बहुतेक अक्षरांना चालतेही, पण अक्षरांच्या मधोमध गुणाकाराचं आणि भागाकाराचं चिन्ह नेमकं ३२ च्या अंतरावर बसवलंय! डोळे मिटून बिट उलटवला की गुणिलेचं भागिले. जर्मन एसझेटला (ß) तर तेव्हा कॅपिटल जोडीच नव्हती, अपर (कॅपिटल) केलं की त्याचे दोन एस होतात, म्हणजे स्ट्रिंगची लांबीच वाढते, आणि तेवढ्याच लांबीचा बफर (मेमरीतली जागा) धरून बसलेला कोड आपटतो. एसझेटचं कॅपिटल २००८ मध्ये युनिकोडमध्ये (जगातल्या लिप्यांसाठीच्या एकाच कोडमध्ये) आलं, जर्मन शुद्धलेखनात २०१७ मध्ये अधिकृत झालं, तरी अपर केल्यावर अजून दोन एसच येतात. ग्रीक सिग्मा वेगळाच, त्याची स्मॉल रूपं दोन, शब्दाच्या शेवटी असला तर एक आणि इतरत्र दुसरं, म्हणजे एकेक अक्षर सुटं बघून भागत नाही.

पण सगळ्यात जास्त प्रोग्रॅम पाडले ते तुर्की आयने. १९२८ च्या लिपीबदलात तुर्कीने टिंबवाला आय आणि बिनटिंबाचा आय ही दोन वेगळी अक्षरं ठरवली, दोघांना स्वतःचं कॅपिटल. भाषेच्या दृष्टीने एकदम तर्कशुद्ध. पण जावात लोकेल (भाषा-देशाची सेटिंग) न सांगता टूलोअरकेस मारलं की ते मशिनचं लोकेल उचलतं, मग तुर्की मशिनवर कॅपिटलमध्ये लिहिलेल्या TITLE मधला आय बिनटिंबाचा होतो, तुलना फसते, आणि तोच कोड बाकी सगळीकडे मस्त चालत असतो. लोकेल रूट, इन्व्हेरियंट वगैरे (मशिनचं लोकेल न बघणारी रूपं) लागतात ते अशाच भानगडींसाठी. केसफोल्डचं काम त्याहून वेगळं, ते दाखवायला नाहीच, फक्त तुलनेसाठी, म्हणून ते एसझेटचे सरळ दोन एस करतं.

आणि हे अजून थांबलेलं नाही. २०१५ मध्ये युनिकोडने चेरोकी लिपीला स्मॉल अक्षरं दिली, पण आधीपासून असलेली अक्षरं कॅपिटल ठरल्यामुळे आणि जुनं फोल्डिंग (केसफोल्डचं उत्तर) बदलायचं नाही असा नियम असल्यामुळे तिथे केसफोल्ड उलट्या दिशेने, स्मॉलचं कॅपिटल करतं. २०१८ मध्ये जॉर्जियनला कॅपिटल मिळाली, तीही फक्त अख्खा मजकूर कॅपिटलमध्ये लिहायला, वाक्याच्या पहिल्या अक्षरासाठी नाही, आणि ज्या मशिनवर फॉन्ट जुने होते तिथे अपर केलेलं जॉर्जियन रिकाम्या चौकोनांत दिसायला लागलं.