खडकातलं ते ‘शेवाळ’ शेवाळ नाहीच

स्कॉटलंडच्या वायव्य टोकाला तांबूस-तपकिरी खडकाचा एक थर आहे, नाव ‘फ्यूकॉइड बेड्स’. फ्यूकस म्हणजे समुद्रशेवाळ. खडकावरच्या फांदीसारख्या खुणा पाहून जुन्या अभ्यासकांना वाटलं, हे शेवाळाचेच ठसे. फ्रान्सच्या ब्रोन्यार या वनस्पतिशास्त्रज्ञाने तर १८२० च्या दशकात अशा खुणांना ‘फ्यूकॉइडिस’ म्हणत वनस्पतींतच बसवलं होतं.

प्रत्यक्षात ही कृमींसारख्या प्राण्यांनी ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी समुद्रतळाच्या गाळात पोखरलेली बिळं आहेत.

स्वीडनच्या नाथॉर्स्ट या जीवाश्म-अभ्यासकाने सरळ प्रयोगच केला. जिवंत समुद्री प्राणी ओल्या गाळावर सरपटू दिले आणि उमटलेल्या खुणांचे साचे घेतले. ते साचे आणि ‘शेवाळाचे’ जीवाश्म चक्क जुळले! १८८१ साली त्याने हे छापलं. सापोर्तासारखे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र त्यानंतरही अडूनच बसले.

तुकडा हातात घेऊन कडेने पाहा. शेवाळ गाडलं गेलं तर दाबलं जाऊन थराला चिकटून आडवं पसरतं, बहुधा कार्बनची काळी झिलई सोडतं. इथे तसली झिलई नाही. बिळाची नळी कधी थर छेदून खाली उतरते, आत भरलेला गाळही आजूबाजूच्यापेक्षा वेगळा दिसतो.

दुसरा गैरसमज याच्या उलट: नळी म्हणजे दगड झालेला किडाच. तोही नाही. मऊ अंगाचा प्राणी बहुतेक वेळा कुजून गेला, उरलं ते त्याचं घर. म्हणून बीळ नेमकं कोणाचं, हे सहसा सांगताच येत नाही.

थराचं नाव मात्र आजही तेच चालू आहे.