18 पूर्ण झाले, बालगृह सोडायचंय: अनुरक्षणाचा अर्ज कधी, कुठे, कसा करायचा

बालगृहात वाढलेल्या मुलामुलींना 18 पूर्ण झाले की संस्था सोडावी लागते, आणि मग दहावी-बारावी झालेलं पोर रूम कुठे बघणार, डिपॉझिट कुठून आणणार, हा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 46 मध्ये आर्थिक मदतीची तरतूद आहे आणि तिलाच आफ्टरकेअर म्हणजे अनुरक्षण म्हणतात. पण एक लक्षात घ्या, ही मदत आपोआप चालू होत नाही, कुणीतरी मागे लागावं लागतं.

कुणाला मिळते? 18 पूर्ण झालेत, 21 पूर्ण नाहीत आणि बालगृह, निरीक्षण गृह, विशेष गृह (ही दोन गुन्ह्याच्या केसमधल्या मुलांसाठी) अशा संस्थेतून बाहेर पडलाय, त्यांना. शिक्षण अर्धवट आहे किंवा तसंच काही खास कारण असेल तर 23 पर्यंत वाढवून मिळू शकते. आणि हो, सहा महिन्यांपूर्वीच बाहेर पडलोय, आता काय, असं विचारणारेही खूप असतात, तर वय 21 च्या आत असेल तर आताही मागता येतं, सरळ जिल्हा बाल संरक्षण कक्षात (मुलांच्या योजना बघणारं जिल्ह्याचं सरकारी ऑफिस) जा. मामा-मावशीकडे राहून बालसंगोपन योजनेचे महिन्याला 2250 घेत होतात, ती योजना मात्र वेगळी, ती 18 ला बंद होते.

खरी मेख वेळेची आहे. नियमाप्रमाणे संस्था सोडायच्या दोन महिने आधी तुमचा बाहेर पडल्यानंतरचा आराखडा तयार व्हायला पाहिजे, म्हणजे पुढे काय शिकणार, राहणार कुठे, काम काय करणार, सगळं त्यात लिहायचं. तो केसवर्कर किंवा परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) तुमच्याशी बोलून भरतात. बऱ्याचदा घाईत भरला जातो, "पुढील शिक्षण" एवढंच लिहून मोकळे, तसं होऊ देऊ नका. कोर्सचं नाव, कॉलेज, फी, हॉस्टेल लागणार की नाही, हे स्वतः सांगून लिहून घ्या, कारण पुढची ऑर्डर त्यावरच निघते. ऑर्डर संस्थेचे अधीक्षक नाही देत, बाल कल्याण समिती, म्हणजे काळजीची गरज असलेल्या मुलांचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती, देते (गुन्ह्याची केस बाल न्याय मंडळापुढे असेल तर मंडळ), नमुना 37 मध्ये. तिची सहीशिक्क्याची प्रत मागून घ्या आणि मोबाईलमध्ये फोटो पण काढून ठेवा.

मिळतं काय, तर मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली महिन्याला 4000 रुपये थेट खात्यात, नाहीतर अनुरक्षण गृहात राहायची सोय किंवा सहा-आठ जणांनी मिळून राहायचं तात्पुरतं घर, शिवाय कौशल्य प्रशिक्षण आणि समुपदेशन. पुण्यामुंबईत 4000 मध्ये कॉट पण धड मिळत नाही, त्यामुळे मोठ्या शहरात शिकायचं असेल तर आधी अशा गृहात किंवा घरात जागा मिळते का ते विचारा, पैशाचं नंतर बघू.

कागदपत्रं: जन्मदाखला किंवा वयाबाबतचा समितीचा आदेश, आधार, संस्थेत दाखल झाल्याचा आदेश, मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, ॲडमिशन किंवा प्रशिक्षणाचं पत्र, पासबुक आणि फोटो. पासबुकावरच गाडी अडते. लहानपणी उघडलेलं खातं 18 नंतर मेजर, म्हणजे सज्ञान माणसाचं, करून घ्यावं लागतं, नवी केवायसी, नवी सही, ते केलं नसेल तर व्यवहार अडकू शकतात. आणि आधारवर पत्ता संस्थेचाच असतो, बदलायला भाडेकरार मागतात, तो कुठून आणणार, म्हणून संस्थेत आहात तोवरच अधीक्षकांना विचारून बँकेची कामं आटपा.

आईवडील दोघंही नसतील तर याच फेरीत अनाथ प्रमाणपत्राचाही अर्ज टाका. तो जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात द्यायचा, महाराष्ट्रात शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना 1 टक्का आरक्षण आहे ते याच कागदावर मिळतं. नातेवाईकांकडे वाढलेल्यांनाही संस्थाबाह्य गटात हे प्रमाणपत्र मिळतं, फक्त तिथे आईवडिलांचे मृत्यूदाखले दोन्ही लागतात, ते नसतील तर आधी ग्रामपंचायत किंवा पालिकेतून काढून आणा.