पाठ टेकली तरी जिंकला

परवा व्हॉट्सॲपवर पुन्हा तेच फॉरवर्ड आलं, मर्मबिंदूला नुसतं बोट लावून धट्ट्याकट्ट्या माणसाला आडवं करणारे कुणीतरी गुरुजी आणि खाली सगळ्यांचे हात जोडलेले इमोजी. पडणारा दरवेळी त्यांचाच शिष्य असतो हे कुणी बघतच नाही! अहो, ठोसा न मारता समोरच्याला हार मानायला लावायची तर शाळेतली तरफ पुरते, आणि त्याचा माझा लाडका पुरावा जपानमधला आहे.

२१ डिसेंबर १९९७, योकोहामा अरेना. यूएफसी, म्हणजे ठोसे-लाथा आणि कुस्ती सगळं चालणारी अमेरिकन स्पर्धा, तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती आणि पहिल्यांदाच जपानला आली होती. मला बोलायचंय फ्रँक शॅमरॉक आणि केविन जॅक्सनच्या लढतीबद्दल. जॅक्सन म्हणजे १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकचा फ्रीस्टाइल कुस्तीतला सुवर्णपदकवाला. त्याने शॅमरॉकला खाली घेतलं, आपल्या तालमीत असतं तर पाठ लागली म्हणून कुस्ती संपली असती, पण इथे संपला जॅक्सनच, खाली पडलेल्याने त्याचा हात धरला आणि १६ सेकंदांत त्याला टॅप करून, म्हणजे हाताने थोपटून, हार मानावी लागली. डाव आर्मबार, ज्युडोत त्याला जुजी-गातामे म्हणतात.

डाव असा, की समोरच्याचा एक हात आपल्या दोन मांड्यांमध्ये घ्यायचा, त्याचं मनगट दोन्ही हातांनी छातीशी आवळायचं, त्याचा अंगठा छताऐवजी आपल्या तोंडाकडे असेल तर तोही छताकडे वळवून घ्यायचा म्हणजे कोपराचं टोक खाली आपल्या ओटीपोटावर येतं, आणि मग कंबर वर उचलायची. टेकू तुमची कंबर, बल मनगटावर.

आता गंमत बघा. एका हाताचं बोट दुसऱ्या कोपराच्या खळीत ठेवा आणि तो हात काटकोनात वाकवून दंड जरा आवळा. बायसेप्सची, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूची, हाडाला जोडणारी कंडरा दोरीसारखी वर येते ना? आता हात हळूहळू सरळ करा, दोरी आत बुडते. म्हणजे स्नायू तोच, पण सांध्याच्या मध्यापासून त्याच्या ओढीचं अंतर कमी झालं. काटकोनात हे अंतर साधारण ४ सेंमी धरू, हात सरळ होत आला की २ सेंमी. मनगट कोपरापासून २५ सेंमीवर, तिथे ४०० न्यूटन म्हणजे साधारण ४० किलोची ओढ, तर आघूर्ण, म्हणजे सांधा फिरवणारा जोर (बल गुणिले अंतर), झालं १०० न्यूटन-मीटर. ते थोपवायला काटकोनात स्नायूला २५०० न्यूटन लावावे लागतील, आणि हात सरळ होताना ५०००! म्हणजे ५०० किलोचं वजन, ते पण दंडाच्या स्नायूवर, आणि समोरून जोर लावतोय तो नितंबाचा, जो शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू. म्हणून पैलवान हाताची घडी घालून, स्वतःचंच मनगट पकडून बसतो, एकदा हात सुटला की दंडाचा व्यायाम कितीही केलेला असो, काही खरं नाही.

हात पूर्ण सरळ झाला की कोपराखालच्या अल्ना हाडाचं टोक दंडाच्या हाडाच्या मागच्या खोबणीत जाऊन अडकतं. आता टेकू कोपराच्या आतच तयार झाला, आणि पुढच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या दोऱ्या, ताणले जातात. तिथून पुढे स्नायूचा विषय संपला, फक्त या दोऱ्या किती ताण सोसतात एवढंच.

योकोहामात त्याच रात्री जपानी पैलवान काझुशी साकुराबानेही हेच केलं, समोर मार्कुस सिल्वेरा, त्याच्यापेक्षा कितीतरी धिप्पाड आणि जुजित्सूचा, म्हणजे जमिनीवरच्या पकडींच्या खेळाचा, ब्लॅक बेल्ट. पहिल्या लढतीत पंचाने घाईने थांबवलं म्हणून ती रद्द धरली आणि दोघं पुन्हा भिडले, तेव्हा ३ मिनिटं ४४ सेकंदांत आर्मबार.

घरी भावावर करून बघणार असाल तर कंबर अगदी सावकाश उचला, दुखायला लागणं आणि तुटणं यात अंतर फार थोडं असतं, आणि अस्थिबंधाला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे भरून यायला महिने लागतात.