पेस, लिअँडर

पेस, लिअँडर एड्रियन : (१७ जून १९७३). गोमंतकीय वंशाचा भारतीय टेनिसपटू. जन्म कोलकात्याचा. वडील डॉ. वेस पेस मूळचे गोव्याचे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या हॉकी संघात ते होते. आई जेनिफर भारताकडून बास्केटबॉल खेळल्या. गोव्यात खेळ म्हटला की आधी फुटबॉल आठवतो. तिथे टेनिस खेळणारा कुणी घरोघरी ‘आपला’ वाटला, तो लिअँडरच.

मद्रासच्या ब्रिटानिया-अमृतराज अकादमीत तो घडला आणि १९९० मध्ये कनिष्ठ गटाचा विम्बल्डन विजेता झाला. एकेरीच्या जागतिक क्रमवारीत तो ७३ व्या क्रमांकाच्या वर गेला नाही. पण देशासाठी उतरला की क्रमवारीचा हिशेब चालेनासा व्हायचा. १९९३ च्या डेव्हिस चषकात, म्हणजे देशांच्या संघांमधील टेनिस स्पर्धेत, फ्रान्सला त्यांच्याच भूमीवर हरवून भारत उपांत्य फेरीत गेला, तो मुख्यतः त्याच्या बळावर. १९९५ मध्ये दिल्लीच्या हिरवळीवर क्रोएशियाच्या गोरान इव्हानिसेविचविरुद्ध पहिले दोन सेट गमावूनही त्याने सामना काढला.

१९९६ चे अटलांटा ऑलिंपिक हा त्याच्या कारकिर्दीचा कळस मानावा लागेल. उपांत्य सामन्यात अमेरिकेच्या आंद्रे आगासीकडून हरताना त्याचे मनगट दुखावले होते. कांस्यपदकाच्या लढतीत ब्राझीलच्या मेलिजेनीने पहिला सेट ६-३ असा घेतला. पेसने पुढचे दोन ६-२, ६-४ असे खेचून आणले. खाशाबा जाधवांच्या हेलसिंकीतील पदकानंतर ४४ वर्षांनी भारताला वैयक्तिक पदक मिळाले.

दुहेरीत तो नेटजवळचा राजा. प्रतिस्पर्ध्याचा परतीचा फटका निघतो न निघतो तोच तो आडवा झेपावून चेंडू हवेतच अडवी आणि मनगटाच्या हलक्या झटक्याने मोकळ्या जागेत टाकी. ताकदीपेक्षा अंदाज आणि हातांची चपळाई यांवर हा खेळ उभा होता, म्हणूनच तो चाळिशीनंतरही टिकला. महेश भूपतीसोबत १९९९ मध्ये त्याने चारही ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या, अंतिम फेऱ्या गाठल्या. फ्रेंच व विम्बल्डन जिंकल्या. ही जोडी पुढे बेबनावामुळे फुटली, हे भारतीय टेनिसचे मोठे नुकसान होय. पुरुष दुहेरीत ८ आणि मिश्र दुहेरीत १० अशी त्याची एकूण १८ ग्रँड स्लॅम विजेतेपदे. मिश्र दुहेरीत नवरातिलोवा, कारा ब्लॅक आणि हिंगीस या त्याच्या जोडीदार होत्या.

१९९२ ते २०१६ अशी सलग ७ ऑलिंपिक तो खेळला. २०१८ मध्ये डेव्हिस चषकातील दुहेरीचा ४३ वा विजय मिळवून त्याने इटलीच्या पिएत्रांजेलीचा विक्रम मोडला. त्या सामन्यात जोडीला रोहन बोपण्णा होता. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये पेस आणि विजय अमृतराज या पहिल्या दोन आशियाई पुरुष खेळाडूंचा समावेश झाला.